टोपीखालची पोर

शुक्रवारी सकाळी टोपी नवव्यांदा गॅलरीतून रस्त्यावर पडली आणि तिच्यावरून पाववाल्याची सायकल गेली. बाप तीन मजले उतरला, टोपी उचलली, झटकली, वर आला आणि ती पोरीच्या डोक्यावर ठेवली. पोरीने ती काढली आणि गजांमधून दहाव्यांदा खाली सोडली. राग नाही, हट्ट नाही. कानावर बसलेली माशी उडवावी इतक्या सहज.

पोर दोन वर्षांची. घरात तिला भिंगरी म्हणत, कारण जागेपणी ती एका जागी उभी असलेली कुणी पाहिली नव्हती.

दोन वर्षांच्या पोरीने टोपी घातली नाही तर काय आभाळ कोसळणार, असं कुणीही म्हणेल. या घरात कोसळणार होतं. रस्त्याच्या टोकाला एकच पाळणाघर होतं आणि तिथे प्रवेशासाठी तीन दिवसांची परीक्षा होती. दोन वर्षांच्या पोरांची परीक्षा! अशी परीक्षा घेणाऱ्यांना खरं तर कुणीतरी चार शब्द सुनवायला हवेत. पण आपण काय करतो? त्यांच्या दारात रांग लावतो.

पाळणाघराच्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "दहा ते बारा मुलं अंगणात. डोक्यावर टोपी नाही तर अंगणात पाय नाही. अंगणात पाय नाही तर इथे जागा नाही. ऊन मुलांच्या डोक्यात चढतं. आणि यादीत सतरा पालक थांबलेत, हे लक्षात ठेवा."

बुधवारी भिंगरी नापास. गुरुवारी नापास. तिसरी आणि शेवटची संधी सोमवारी.

आणि सोमवारीच आईची दोन वर्षांची रजा संपत होती. आई बस चालवायची. डेपोत ती पहिल्यांदा स्टिअरिंगवर बसली तेव्हा चहाच्या टपरीवरचे ड्रायव्हर उठून रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिले होते. जीव वाचवायला म्हणे. सहा वर्षांत तिने गाडीला ओरखडा येऊ दिला नाही. डेपोचे साहेब फोनवर गोड आवाजात म्हणाले होते, "सोमवारी पहिल्या फेरीला आलात तर गोल रूट तुमचा. नाही आलात तर ऑफिसात बसून पासांवर शिक्के मारा. बायकांना सोयीचंच असतं ते."

"मी शिक्के मारणार नाही," आई नवऱ्याला म्हणाली. "टोपीचं तू बघ. मी दोन वर्षं बघितलं. आता तीन दिवस तू बघ."

बापाने बघितलं. टोपीला इलॅस्टिक लावलं. पोरीने ते ताणून सोडलं, बापाच्या नाकावर. नाडी बांधली, ती चघळून तोडली. स्वतः टोपी घालून घरभर फिरला, जेवला, दाढी केली. पोरीने त्याचीही टोपी काढून गजांतून खाली सोडली. दुपारपर्यंत त्याच्या तोंडाला फेस आला.

हा माणूस कपड्यांच्या मोठ्या दुकानात काचेमागे पुतळे सजवायचा. अक्कल होती त्याला, पण ती वापरण्याआधी बायकोला विचारायची सवय नव्हती. पोरं दुसऱ्या पोराचं बघून शिकतात, एवढं त्याला कुठूनतरी माहीत होतं. दुसरं पोर घरात नव्हतं. दुकानात होतं.

संध्याकाळी तो चादरीत गुंडाळलेलं काहीतरी काखेत मारून जिना चढला. चादरीतून दोन छोटे पाय बाहेर आले होते. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी ते पाय पाहिले, बापाकडे पाहिलं आणि दार लावून आतून कडी घातली.

"हे काय आणलंस?" आईने विचारलं.

"दोन ते तीन वर्षांचा साईज. सोमवारी सकाळी परत न्यायचाय, मालकाला पत्ता नाहीये."

पुतळी भिंगरीच्या उंचीची होती. गुळगुळीत गाल, रंगवलेले डोळे, एक हात किंचित पुढे, बोटं एकमेकांना चिकटलेली. बापाने तिला खोलीच्या मधोमध उभी केली, रुंद काठाची पिवळी टोपी तिच्या डोक्यावर ठेवली आणि रोज दुकानात टाचण्या लावताना तोंडातून निघतं तेच सवयीने म्हणाला, "हलायचं नाही हं. शाब्बास. अजिबात हलायचं नाही."

भिंगरी दारात थांबली. थांबली! आईने हातातलं भांडं खाली ठेवलं. पोर पाच मिनिटं पुतळीकडे बघत राहिली. मग बापाकडे वळून हळूच म्हणाली, "ही बघते."

"हो, बघते. आणि टोपी कशी छान घालते, बघितलंस?"

"ही मला बघते."

झोपताना आईने पुतळीचं तोंड भिंतीकडे केलं. शनिवारी सकाळी पुतळीचं तोंड पलंगाकडे होतं.

"तू फिरवलंस?"

"मी कशाला फिरवू? तूच उठली असशील पाणी प्यायला."

"मी उठले नाही."

दोघांनी पोरीकडे पाहिलं. ती गाढ झोपली होती. पुतळी फिरवायची ताकद तिच्यात नव्हती. आईने तिला पुन्हा भिंतीकडे वळवलं आणि हात नॅपकिनला पुसले, का ते तिला सांगता आलं नसतं. न्याहारी होईपर्यंत पुतळीची मान हळूहळू, करकर आवाज करत, पुन्हा त्यांच्याकडे वळली. आईच्या हातातला घास हातातच राहिला.

बाप घाबरला, पण धंद्यातला माणूस. त्याने उठून मान चाचपली आणि हसला. "अगं, खुंटी ढिली झालीय. टोपीच्या काठात पंख्याचा वारा भरतो आणि मान फिरते."

"मग पंखा बंद कर."

"उकडेल."

"उकडू दे!"

दिवसभर घामाच्या धारा लागल्या, पण पंखा कुणी लावला नाही. आणि दुपारी, त्या मुकाट खोलीत, भिंगरीने स्वतःहून आपली टोपी उचलली आणि डोक्यावर घातली. बापाने घड्याळ बघितलं. एक मिनिट. पाच मिनिटं. वीस मिनिटं. टोपी जागची हलली नाही.

"जिंकलो!" तो कुजबुजला. "बघ, राहिली ना टोपी?"

आई बघत होती. टोपी हलली नाही, कारण पोर हलत नव्हती. ती पुतळीच्या शेजारी उभी होती. एक हात किंचित पुढे, बोटं एकमेकांना चिकटलेली. डोळे उघडे.

"भिंगरी," आईने हाक मारली. "बाळा, इकडे ये. केळं हवंय?"

काही नाही. पापणीसुद्धा नाही. आईने झेप घेऊन टोपी काढली. लगेच पोर खिदळली, तिच्या हातातलं केळं हिसकावलं आणि पलंगाखाली पळाली.

"टोपी राहिली," आई म्हणाली, "पोरगी कुठे गेली होती?"

"खेळ आहे गं तिचा. मी पुतळीला म्हणालो ना, हलायचं नाही, ते तिने स्वतःवर घेतलं. टोपी म्हणजे हलायचं नाही."

"मग सांग तिला, हलायचं म्हणून."

रविवारभर त्यांनी सांगितलं. टोपी घालून पळायचं. टोपी घालून नाचायचं. बाप टोपी घालून नाचला, आई नाचली. खालच्या मास्तरांनी काठीने छत ठोकलं. भिंगरी टोपीखालून त्यांच्याकडे बघत उभी राहिली. टोपी काढली की भिंगरी, घातली की पुतळी. अधलंमधलं काही नाही.

रविवारी संध्याकाळी आईने युनिफॉर्मला इस्त्री केली.

"दोनच तासांचा प्रश्न आहे," बाप म्हणाला.

"हं," आई म्हणाली. आता इथे तिला नावं ठेवणारे पुष्कळ भेटतील. त्यांनी आधी आपलं स्टिअरिंग सोडून शिक्के मारून बघावेत आणि मग बोलावं.

सोमवारी बापाने एका काखेत पुतळी, दुसऱ्या हाताला पोर असं दोघींना बाहेर काढलं. पोरीला पाळणाघरात सोडलं, पुतळीला दुकानात. चुकून उलटं होऊ नये म्हणून रस्ताभर तो खाली बघत होता.

गोल रूटची गाडी दर पस्तीस मिनिटांनी पाळणाघराच्या भिंतीलगत जाते. रस्त्यावरून चालणाऱ्याला भिंतीपलीकडचं दिसत नाही. ड्रायव्हरच्या उंच सीटवरून दिसतं. दहा वाजून दहा मिनिटांनी आईने मान वळवली. अंगणात बारा टोप्या. अकरा टोप्या इकडेतिकडे पळत होत्या. बारावी मधोमध उभी होती, एक हात किंचित पुढे.

"राहिली टोपी," आई स्वतःशीच म्हणाली आणि गिअर टाकला.

दुसऱ्या फेरीला, पावणेअकराला, भिंगरी तिथेच होती. तिच्या शेजारी एक जाडा मुलगा उभा होता. त्याचाही हात पुढे.

तिसऱ्या फेरीला सात जण उभे होते. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. उरलेले पाच धावत नव्हते. हळूहळू चालत होते, उभं राहायला जागा शोधावी तसे.

"अहो बाई, सिग्नल हिरवा झालाय!" मागून एक आजोबा ओरडले.

"दिसतंय मला!"

"मग न्या की! की सिग्नलने घरी येऊन बोलवायचं?"

चौथी फेरी, बाराला पाच कमी. आईने लांबूनच वेग कमी केला. अंगणात बारा टोप्या होत्या आणि बाराच्या बारा उभ्या होत्या. बारा हात पुढे. एक चेंडू आपला आपण घरंगळत त्यांच्या पायांमधून गेला, एकाही पायाने त्याला अडवलं नाही.

आईने गाडी थांबवली. थांबा नसलेल्या जागी, सहा वर्षांत पहिल्यांदा.

"आता काय झालं?"

"ब्रेक फेल?"

"डोकं फेल झालंय बाईंचं!"

ती उतरली, फाटक ढकललं आणि आत गेली. पाळणाघराच्या बाई पायरीवर कप घेऊन बसल्या होत्या. आईला बघताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"श्श! हळू बोला. सोळा वर्षांत आज पहिल्यांदा मी चहा गरम प्यायले." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "काय गुणी पोर आहे तुमची! पास. जागा पक्की. आत्ताच रजिस्टरात नाव घातलं."

हेच ऐकायला आईने तीन दिवस जीव टाकला होता. ती ऐकून तशीच पुढे गेली आणि पोरीच्या डोक्यावरची टोपी ओढून काढली. क्षणभर काही झालं नाही. तो क्षण आईला नोकरीच्या सहा वर्षांहून लांब वाटला. मग भिंगरीने पापण्या मिटून उघडल्या, "आई!" म्हणाली आणि चेंडूमागे सुटली. आईने दुसरी टोपी काढली, तिसरी, चौथी. एकेक पोर किंचाळत सुटलं.

"अहो, काय करताय! टोप्या! नियम आहे! ऊन चढेल मुलांच्या डोक्यात!"

आईच्या दोन्ही हातांत टोप्या होत्या. ऊन म्हटल्यावर तिने वर पाहिलं, मग खाली पाहिलं. दुपारचे बारा, आणि तिच्या पायाशी तिची सावली नव्हती. कुणाच्याच पायाशी नव्हती. मग तिला कळलं. तिन्ही बाजूंना बारा-बारा मजल्यांच्या इमारती होत्या आणि वर, आकाश असतं तिथे, कुणीतरी हिरवं जाड कापड ताणून बांधलं होतं. अंगण तळघरासारखं गार होतं. भिंतीला शेवाळ होतं.

"बाई," ती म्हणाली, "इथे ऊन कुठे आहे?"

"ऊन?" बाईंनी जणू पहिल्यांदाच वर बघितलं. "ऊन नाही येत इथे. समोरची इमारत झाली तेव्हापासून नाही. नऊ वर्षं झाली."

"मग टोप्या कशाला?"

"नियम त्याच्या आधीचा आहे."

अशा बाईला काय बोलावं? आईने सहा वर्षं बसमध्ये ऐकलेल्या सगळ्या शिव्या मनातल्या मनात चाळल्या, एकही पुरेशी वाटली नाही. भिंतीपलीकडे गाडीचा हॉर्न वाजायला लागला होता. कुणीतरी प्रवासी तिच्या सीटवर जाऊन बसला होता.

"हे बघा," बाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "टोपीचं राहू द्या. घालू नका तिला. जागाही राहील. फक्त… रोज एक तास तिने तसं उभं राहायचं. बाकीची बघून राहतात हो! एक तास. चहापुरतं."

आई उत्तर देणार, तेवढ्यात भिंगरी मधे आली. तिने आईच्या हातातली एक पिवळी टोपी ओढून घेतली, पायरीवर चढली आणि बसलेल्या बाईंच्या डोक्यावर ठेवली. नीट ठेवली, काठ कपाळावर ओढून.

आणि अंगण गप्प झालं. अकरा पोरं जिथल्या तिथे वळली आणि बाईंकडे बघायला लागली. बाई कप ठेवायला हात पुढे करून उठल्या होत्या. त्या हलल्या, तशी जाड्या मुलाने किंचाळायला तोंड उघडलं. बाई थांबल्या. त्याने तोंड मिटलं. बाईंनी बोट हलवून पाहिलं. अंगणभर तोंडं उघडली. बोट थांबलं, मिटली.

"अहो," बाई ओठ न हलवता म्हणाल्या, "हिला जरा सांगा ना."

"ती ऐकत नाही हो माझं," आई म्हणाली. पोरीचा पापा घेतला आणि फाटक लावून गाडीत जाऊन बसली.

साडेबाराच्या फेरीला तिने मान वळवली. पोरं पायरीभोवती गोल करून शांत बसली होती. मधोमध बाई उभ्या होत्या. पिवळी टोपी, एक हात किंचित पुढे, हातात कप. फक्त डोळे फिरले, गाडीबरोबर, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

आईने गाडी थांबवली नाही. आधीच चौदा मिनिटं उशीर झाला होता.