मी चढले म्हंजे सगळे उतरले

बातम्या देणाऱ्या माणसाचं तोंड आमची चंद्राबाय दिवसातून तीनदा ओल्या फडक्याने पुसते. तो टीव्हीच्या आत असतो आणि ती बाहेर, एवढाच त्याचा बचाव. पावसाळ्यात एखादं विमान उतरता उतरता पुन्हा वर गेलं की टीव्हीवर लाल अक्षरं नाचायला लागतात. 'आकाशात थरार!' 'प्रवाशांचा जीव टांगणीला!' कोट घातलेला माणूस घसा फोडून ओरडत असतो. मग चंद्राबाय उठते, फडकं पिळते आणि त्याच्या या कानापासून त्या कानापर्यंत फिरवते.

"पुस आधी. फेस आलाय तोंडाला."

एक टीव्ही त्या पाण्यानेच गेला, असं मेकॅनिक म्हणाला. तो खोटारडा आहे, असं चंद्राबाय म्हणते.

मनवेलपाड्याच्या आमच्या चाळीत तिचं दार माझ्या दारासमोर आहे. माझ्याहून वीस वर्षांनी मोठी, पण 'अहो-जाहो केलंस तर चहा नाय देनार' अशी तिची धमकी असल्यामुळे मी तिला एकेरीच हाक मारते. माहेर आगाशीकडचं. लग्नानंतर चार वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नाही. कुणाच्या तरी ओळखीने विमानतळावर सफाईच्या कामाला लागली. सत्तावीस वर्षं विमानं आतून साफ केली. विमान आलं, माणसं उतरली, की ही आणि हिच्या बरोबरच्या बायका झाडू, फडकी आणि काळ्या पिशव्या घेऊन आत. पुढची माणसं चढायच्या आत सगळं चकाचक.

"हजारो विमानांत चढले," ती छाती पुढे काढून सांगते, "पन एकदापन उडाले नाय."

खुर्च्यांखाली तिला काय काय सापडलं, याची यादी चाळीतल्या पोरांना पाठ आहे. एक चप्पल. अर्धा लाडू. बाळाचं टोपडं. एकदा तर कवळी. ती साहेबाकडे जमा करायला निघाली, तर समोरून एक गृहस्थ तोंड घट्ट मिटून धावत आले. "मी विचारलं, काय हरवलं? तर बोलायलाच तयार नाय. मी समजले."

विमान खाली येऊन न टेकता परत वर जातं, त्याला तिथले साहेब इंग्रजीत काहीतरी म्हणायचे. चंद्राबाय त्याला 'परतफेरी' म्हणते. हा तिचा खास विषय. पाऊस जोराचा असला, वारा आडवा असला, पुढचं दिसत नसलं, की विमान वर जाणार, एक चक्कर मारून पुन्हा येणार. पावसाळ्यात हे नेहमीचंच. पण टीव्हीवाल्यांना ते दर वेळी नवं असतं, म्हणून तिचा संताप.

मला तिने ते तव्यावर शिकवलं. तांदळाची भाकरी थापली, दोन्ही हातांवर घेतली आणि तव्याकडे नेऊ लागली. भाकरी अगदी टेकणार, तेवढ्यात थांबली.

"आता बघ सुमन. तवा तापला नाय. भाकरी टाकली तर काय होईल?"

"चिकटेल."

"मग मी काय केलं?" तिने भाकरी उचलून वर घेतली, स्वतःभोवती एक गिरकी मारली, तोवर तवा तापला होता, आणि भाकरी अलगद सोडली. "टम्म फुगनार बघ. आता सांग, मघाशी मी मेले का? भाकरी मेली? 'चंद्राबायच्या सैपाकघरात थरार' अशी बातमी येनार काय?"

मी हसले. ती हसली नाही. या विषयावर ती कधीच हसत नाही.

"परतफेरी झालेलं विमान मी लगेच वळखायची. त्या दिवशी कागदी पिशव्या जास्त भरलेल्या निघायच्या. कुनी ओकलं असेल, कुनी देवाला नवस बोललं असेल. पन उतरले सगळे. मी चढले म्हंजे सगळे उतरले." हे तिचं पालुपद. त्यापुढे वाद नाही.

तिचा दुसरा वाद चाळीतल्या बायकांशी. दिवेलागणीला केर काढू नये, लक्ष्मी जाते, असं आम्ही म्हणतो. चंद्राबाय नेमका तेव्हाच काढते. "लक्ष्मी काय उकिरड्यात येनार?" घरातलं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत आम्ही केर काढत नाही. त्यावर तर ती कमरेवर हातच ठेवते. "सत्तावीस वरसं मी मानसांची पाठ वळली की केर काढला. काय वाईट झालं कुनाचं?" तिच्या फरशीवर तांदळाचा एक दाणा दिसायचा नाही. दिवसातून चार वेळा झाडू.

गेल्या जुलैत माझ्या रूपालीला नागपूरच्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली. लगेच हजर व्हायचं होतं, म्हणून विमानाने जायचं ठरलं. आमच्या घराण्यातलं पहिलं विमान. मला आधी आठ दिवस झोप नाही. चंद्राबायने तिला समोर बसवून शिकवणी घेतली.

"पट्टा सैल ठेवायचा नाय. खिडकीची जागा मिळाली तर काचेला डोकं लावायचं नाय, तिथं किती तेलकट डोकी लागतात ते मला विचार. आनि समोरच्या खिशात हात घालायचा नाय. त्यातनं मी काय काय काढलंय, ते तुला सांगितलं तर जेवनार नायस."

रूपाली सकाळी निघाली. चंद्राबाय दारात उभी होती. "जा गो बाय," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

दुपारी दीडला खालच्या शिंदेवहिनी जिन्यातूनच ओरडत आल्या. "सुमन, टीव्ही लाव! नागपूरचं विमान! उतरताच येत नाहीये म्हणे!"

रूपालीला फोन लावला, तर बंद. रूपालीचे बाबा कामावर. मला चारचौघांत दोन शब्द बोलता येत नाहीत, मी कुणाला विचारणार? तशीच समोरच्या दारात गेले. चंद्राबाय टीव्हीसमोर पाटावर बसली होती.

'नागपूरच्या आकाशात मृत्यूच्या घिरट्या!' कोटवाला ओरडत होता. मागे एक विमान डावीकडे झुकत होतं, उजवीकडे झुकत होतं. पुन्हा डावीकडे. मी तोंडावर पदर धरला.

"रडू नको. नीट बघ," चंद्राबाय म्हणाली. "ह्याचं शेपूट निळं. रूपालीचं लाल, मी तिकिटावरनं तिला सांगितलं होतं. आनि ते खाली पांढरं काय पडलंय?"

मी डोळे पुसून पाहिलं. "बर्फ."

"नागपुरात बर्फ पडतो काय गो?"

माझ्यामागून आलेल्या शिंदेवहिनी टीव्हीजवळ वाकून बघायला लागल्या.

"कुठलं तरी जुनं विमान काढून लावलंय मेल्याने. पोरीच्या आईचा जीव चाललाय, आनि हा बर्फ दाखवतो." आवाज नेहमीसारखाच खणखणीत. "परतफेरी झाली असेल. पाऊस असेल. विमान चालवनारा साहेब शहाना आहे म्हनून वर गेला. येडा असता तर उतरला असता. बस इथं."

मी बसले. वीस मिनिटं गेली असतील. ती बोलत राहिली, कवळीची गोष्टसुद्धा पुन्हा सांगितली. आणि मग माझा फोन वाजला.

"आई, उतरले गं," रूपाली म्हणाली. "दोनदा खाली गेलो आणि वर आलो. मला वाटलं, पहिल्यांदा बसणाऱ्यांना असंच फिरवतात. बाजूच्या आजोबांनी चिवडा दिला."

तिच्यामागे माणसांची गडबड ऐकू येत होती. कुणीतरी मोठ्याने हसत होतं. टीव्हीवर मात्र अजून 'प्रवाशांचा आक्रोश' चालू होता. शिंदेवहिनी ही बातमी चाळीला द्यायला खाली धावल्या. मी चंद्राबायला म्हटलं, "उतरली. सुखरूप."

"सगळे?"

"हो, सगळे."

मला वाटलं, आता ती फडकं घेऊन कोटवाल्याकडे जाईल. गेली नाही. गुडघ्यावर हात टेकून उठली आणि दाराआडचा झाडू घेतला. तेव्हा कुठे माझं लक्ष खाली गेलं.

फरशीवर सकाळची कांद्याची सालं होती. लसणाचे पापुद्रे पंख्याच्या वाऱ्याने भिंतीपर्यंत गेले होते. चुलीजवळ तांदळाचं पीठ, त्यात तिच्याच पावलांचे ठसे. दाराजवळ चहाची पूड सांडलेली. या घरात इतका कचरा मी कधी पाहिला नव्हता.

"चंद्राबाय," मी विचारलं, "आज केर नाही काढलास?"

ती खाली वाकली होती, त्यामुळे मला तिचं तोंड दिसलं नाही.

"माझ्या घरातनं कोन कधी गावाला जातंय?" ती म्हणाली. "कुनासाठी ठेवू मी केर? म्हटलं, एक दिस आपनपन ठेवून बघू." झाडू माझ्या पावलांपाशी येऊन थांबला. "पाय उचल, सुमन. पोर पोचली आता."

मी पाय वर घेतले.