शेवंताची हजेरी

शेवंताचं गाणं ऐकायचं तर तिच्या तोंडाशी कान न्यावा लागायचा. येडशीच्या रस्त्याला दुष्काळी काम चाललेलं, चहूकडं खडी फोडल्याचा दणदणाट, आणि ही बया तुणतुण्याची तार छेडत कुजबुजल्यागत गाणार. "अगं, मोठ्यानं म्हण की!" म्हटलं की म्हणायची, "म्या काय बाजारात बसलीया? जवळ या, मंग ऐका."

गाणी तिची तिनंच रचलेली, तीही एवढुशी. 'डोईवर पाटी, पाटीत ऊन, उतरून घ्याया येईल कोन?' झालं.

"संपलं?"

"संपलं. हिरीत तरी पानी किती हाय?"

हसायलाही अंगात त्राण नसायचं, तरी आम्ही बाया हसायचो.

शेवंता पारध्याची. जन्मली मुलगा म्हणून. मिसरूड फुटायच्या वयात लुगडं नेसली आणि भावांनी पालावरून हाकलली. बायांच्या रांगेत माझ्याशेजारी बसायची. मुकादम हजेरी घ्यायचा, "शेवंत्या आला का?" ही त्याच्या पुढ्यात ढिम्म बसून सांगायची, "न्हाय आला."

"मग तू कोण?"

"म्या शेवंता. म्या कवाच आलीया."

रोजची कटकट. शेवटी वैतागून मुकादमानं आपल्या डोक्यानं तोड काढली, "शेवंता आलं का?"

"आलं म्हनाया म्या काय वासरू हाय?" म्हणत तिनं हातोडाच टाकला.

उन्हानं माझं डोकं उठलेलं. म्हटलं, "एका अक्षरासाठी कशाला त्याचा जीव खातेस गं?"

"त्या अक्षरापायी घर सुटलं, आक्का. आयनं एकदा 'आली' म्हनावं. मंग मुकादमानं काय बी म्हनू दे."

मी तिचा हातोडा उचलून तिच्या हातात दिला.

उन्हाळा सरता सरता तिची आई आली. लेक इथं कामावर आहे, हे कुणीतरी तिच्या कानावर घातलं असावं. काठी टेकत म्हातारी रांगेपाशी आली आणि शेवंताच्या लुगड्याकडं नुसती बघत राहिली. आमचे हातोडे थांबले. शेवंता उठून उभी राहिली. मग म्हातारी त्यांच्या पारधी बोलीत काहीतरी पुटपुटली. शेवंता मटकन खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून हमसून रडायला लागली.

मला वाटलं, म्हातारीनं शिव्याच घातल्या.

"काय म्हणाली गं?" मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"जेवली का, म्हनली," शेवंता म्हणाली. "जेवला न्हाय, आक्का. जेवली."