मालकाला कळायच्या आत

आमच्या कॉलनीत गाडीला ओरखडा पडला, तर तो आधी बुजतो आणि मग मालकाला कळतो. कळतो म्हणजे काय, तर बंपरचा एखादा कोपरा उरलेल्या गाडीपेक्षा जास्त चकचकीत दिसायला लागतो आणि आपण समजून जातो, की नाना येऊन गेले.

नाना माझ्या शेजारच्या घरात राहतात. मूळचे धुळ्याकडचे. अमळनेरला एका शाळेत चित्रकला शिकवायचे, निवृत्त झाल्यावर जळगावला आले. शाळेने निरोपाला दिलेला स्टीलचा जेवणाचा डबा त्यांनी जेवणासाठी कधी वापरला नाही. वरच्या खणात टूथपेस्ट आणि रबिंगची पेस्ट, मधल्यात रंगाच्या बाटल्या, खालच्यात थिनर, फडकी आणि पाणी लावून घासायचा बारीक कागद. हा डबा घेऊन नाना पहाटे गल्लीत उतरतात. कोणाची परवानगी नाही, कोणाकडून पैसा नाही. विचारलं तर म्हणतात, "मालकाला कळायच्या आत काम झालं पाहिजे, ताई. कळलं, की तो रडतो. रडला, की घाई करतो. घाईत रंग बिघडतो."

मी याद्या करणारी बाई आहे. माझ्या फ्रिजवर आठवड्याची यादी असते आणि कपाटाच्या दाराआड महिन्याची. त्यामुळे न सांगता माझं काम कोणी करून गेलं, की मला आधी संशय येतो आणि आनंद त्यानंतर. पण नानांच्या बाबतीत मी संशय गुंडाळून ठेवला होता. फुकटात मिळणाऱ्या टचअपला नावं ठेवण्याइतकी मी अव्यवहारी नाही.

एकदा गल्लीतल्या पाटलांचे पुण्याचे जावई मुक्कामी आले होते. पहाटे त्यांनी खिडकीतून पाहिलं, तर एक म्हातारा त्यांच्या नव्याकोऱ्या गाडीवर किटलीतून वाफाळतं पाणी ओततोय. जावई बनियनवर धावत आले.

"ओ काका! काय चाललंय?"

"आंघोळ घालतो. तुम्ही झोपा."

बंपर आत दबला होता. गरम पाण्याने प्लास्टिक मऊ झाल्यावर नानांनी आतून हात घालून दाबलं आणि टक् असा आवाज होऊन तो जागेवर आला. जावई आधी ओरडत होते, मग त्यांनी वाकून पाहिलं आणि मग चहासाठी नानांना आत बोलावलं. "दबला कधी पण? काल आलो तेव्हा तर चांगला होता," असं ते दिवसभर म्हणत होते.

नानांचं एक ठरलेलं वाक्य आहे. कुठलाही ओरखडा बोटाने चाचपून ते जाहीर करतात, "खोल नही, वरवरनं शे." म्हणजे वरवरचं आहे, त्यांच्या अहिराणीत. पुढे पुढे हे वाक्य गाडीपुरतं राहिलं नाही. पाटलांचा मुलगा बारावीत नापास झाला, तेव्हा नाना म्हणाले, "वरवरनं शे." माझ्या वरच्या मजल्याला गळती लागली, तेव्हाही वरवरचंच होतं. खुद्द त्यांना डॉक्टरांनी रक्तदाब सांगितला, तर डॉक्टरांनाच धीर देऊन आले.

एवढा गाड्यांचा नाद, पण नानांना गाडी चालवता येत नाही. सायकलसुद्धा नाही. त्यांच्याकडची अंजिरी रंगाची जुनी गाडी अक्का चालवतात. अक्का म्हणजे नानांची बायको, असोद्याच्या केळीवाल्या घरातली. लग्नाआधी बापाच्या मळ्यात ट्रॅक्टर चालवायची आणि लग्नानंतर नवऱ्याला लुनावर मागे बसवून शाळेत सोडायची. अमळनेरात लोक हसायचे. नाना मागून त्यांना हात करायचे. आता मळा भाच्यांकडे आहे, पण अक्का एक दिवसाआड असोद्याला जातात, केळीच्या बागेत फिरून सगळ्यांना चुका दाखवतात आणि संध्याकाळी परत येतात. डावीकडच्या सीटवर नाना असतातच. "डावीकडं सायकल. पुढं म्हैस. म्हैस थांबली," असं त्यांचं सारखं चालू असतं. आम्हाला ती त्यांची सवय वाटायची.

त्यांना खोकला मात्र वाईट होता. रोज नव्हे, पण यायचा तेव्हा ढास लागल्यासारखा, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येईल असा. मी यादीत "नाना – अडुळसा" असं लिहून दोनदा बाटली नेऊन दिली. त्यांनी दोन्ही वेळा आभार मानले आणि खोकला तसाच राहिला.

मागच्या उन्हाळ्यात मी गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घातले होते. संध्याकाळी ते गोळा करताना खाली अक्कांची गाडी आली. अक्का माझ्या गाडीमागे गाडी लावायला लागल्या. मागे घेतली, पुढे घेतली आणि पुढे घेता घेता त्यांच्या गाडीचा कोपरा माझ्या बंपरवरून सरकत गेला. खर्रर्र असा आवाज सुरू होणार, तोच नानांना खोकल्याची ढास लागली. अशी लागली, की दुसरं काही ऐकूच येईना. गाडी थांबली, खोकलाही थांबला.

"पाणी देऊ का?" अक्कांनी विचारलं.

"नको. तू बरोब्बर लावलीस," नाना म्हणाले.

मी हातात बिबडा धरून गच्चीवर उभी राहिले. नानांचा खोकला, पाटलांच्या जावयाचा बंपर, गल्लीतले चकचकीत कोपरे. यादीतल्या सगळ्या कामांवर एकदम बरोबरची खूण व्हावी, तसं झालं.

एक काम मात्र उरलं होतं. अक्कांना मोतीबिंदू होता आणि ऑपरेशनची गोष्ट वर्षभर पुढे ढकलली जात होती. अक्का तयार होत्या, नाना नव्हते. आधी ऊन होतं, मग धूळ होती, मग केळीची कापणी. गाडीच्या ओरखड्याला एक रात्र थांबू न देणारा माणूस बायकोच्या डोळ्यांना वर्षभर थांबवत होता. हे मला कधी जुळलं नव्हतं, ते गच्चीवर जुळलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी माझ्याच गाडीशेजारी उभी राहिले. नाना डबा घेऊन आले आणि मला पाहून दचकले.

"खोल नही, ताई..."

"मला दाखवू नका, मी वरून पाहिलंय. नाना, आज माझा बंपर आहे. उद्या माणूस असेल."

त्यांनी डबा खाली ठेवला. "रस्त्यावर मी सांगतो ना सगळं. गल्लीतच जरा चुकतं."

"ऑपरेशन का टाळताय?"

नानांनी फडक्याची घडी घातली. मग त्यांनी अंजिरी गाडीकडे हात केला. "जवळून बघा तिला."

मी पाहिलं. गाडी कुठे अंजिरी होती, कुठे जांभळी आणि मागच्या कोपऱ्यात तर चक्क भरताच्या वांग्यासारखी. जुन्या रंगाची बाटली मिळत नव्हती, म्हणून नानांनी घरीच रंग कालवले होते. ठिगळांवर ठिगळं.

"तिला चांगलं दिसायला लागलं, की पहिलं हे दिसेल," नाना म्हणाले. "मग ती चावी खुंटीला टांगून ठेवेल. जन्मात कोणाला धक्का लावला नाही, असं सांगते ती लोकांना. ताई, गाडी सुटली तर ती एका दिवसात म्हातारी होईल."

मी काम हातात घेतलं. त्याच आठवड्याची तारीख घेतली. ऑपरेशनच्या दिवशी गाडी मी चालवली. नाना सवयीने डावीकडे बसले, पण सायकल आणि म्हैस सांगायचं विसरले. अक्का मागून, "क्लच हयूहयू सोड, वंदना. गाडीले हिसके बसतात," असं शिकवत होत्या. दवाखान्यात अक्कांना आत नेलं तेव्हा नाना त्या दाराशीच उभे राहिले. मी म्हटलं, "नाना, वरवरनं शे." त्यांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.

डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही म्हणून सांगितलं, त्या सकाळी अक्का काळा चष्मा काढून गल्लीत आल्या. आपल्या गाडीभोवती त्यांनी सावकाश एक फेरी मारली. मी फाटक पुसायला काढलं. नाना पायरीवर उभे होते, हात मागे, हातात डबा.

"हा वांग्याचा रंग कसा काय आला?" अक्कांनी विचारलं.

"उन्हानं."

"अन् हा जांभया रंग?"

"पावसानं."

अक्का पुढच्या कोपऱ्याशी वाकल्या. तिथे बोट ठेवून त्यांनी मान वर केली. "अन् हे?"

नानांना खोकला आला.

अक्का तो पुरता संपेपर्यंत थांबल्या. "तुमचा खोकला काही बरा झाला नही वाटते," त्या म्हणाल्या. मग गाडीत बसल्या आणि आतून हात लांब करून त्यांनी डावीकडचं दार उघडलं. "बसा. मळ्यात उशीर व्हते."

नाना बसले. डबा मांडीवर होता. गाडी माझ्या बंपरपासून चांगली हातभर अंतर ठेवून, तेल लावल्यासारखी निघून गेली.

त्यानंतर आमच्या गल्लीत ओरखडे बंद झाले आणि पंचाईत नानांची झाली. पहाटे डबा घेऊन खाली यायचे, एकेका बंपरवरून हात फिरवायचे आणि तसेच परत जायचे. असोद्याच्या वाटेवर सायकल आणि म्हैस सांगायची गरज उरली नव्हती. दुपारी पायरीवर बसलेले दिसायचे. मी विचारलं, "काय नाना, बरं आहे ना?" तर नुसतं, "हो, हो." आपलं वाक्यसुद्धा म्हणाले नाहीत.

मग परवा मी ऑफिसातून आल्यावर गाडी लावून जरा बाजारात गेले. परत येऊन पाहते, तर माझ्या बंपरच्या कोपऱ्यावर लांबलचक ताजा ओरखडा, आणि त्यात अंजिरी रंग.

मी वर पाहिलं. गॅलरीत अक्का तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

"अक्का, आता नीट दिसतंय ना तुम्हाला?"

"समदं दिसते," अक्का शेंगेवरची नजर न काढता म्हणाल्या. "तुह्या कानातलं नवं हाये, तेही दिसते."

"मग हे?"

अक्कांनी हनुवटीने जिन्याकडे खूण केली. जिन्यावरून स्टीलच्या डब्याचा खडखडाट येत होता आणि त्याच्या पुढे नानांचा आवाज, पहिल्यासारखा, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाणारा:

"ताई, हात लावू नका! रडू नका! खोल नही, वरवरनं शे!"