टेस्टिंगला सासऱ्यांचा नंबर

मोबाइलवर मेसेज पाठवायचा कोड माझ्याइतका सुटसुटीत लिहिणारा कोल्हापुरात दुसरा कोणी असेल, तर त्यानं समोर यावं! मी शिवाजी पेठेत राहतो, कुणालाही विचारा. इंजिनिअरिंग कॉलेजची पायरी मी कधी चढलो नाही. फुटक्या काचेच्या मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलो, आणि आज डिग्रीवाले माझाच कोड उचलून साहेबासमोर मिरवतात.

'कोडकट्टा' नावाचा आमचा ग्रुप आहे. कुणी दवाखान्याचं सॉफ्टवेअर करतो, कुणी जनावरांच्या डॉक्टरचं, कुणी जिमचं, कुणी वधूवर सूचक मंडळाचं. कुणाला काही जमलं की त्यानं तो तुकडा ग्रुपवर टाकायचा आणि बाकीच्यांनी उचलायचा, अशी रीत. मीही माझा मेसेजचा कोड टाकला आणि खाली टीप लिहिली, "जसाच्या तसा चालतो. उचला आणि लावा. प्रश्न विचारू नयेत." लगेच ग्रुप म्यूट केला. हात जोडलेली चित्रं बघत बसायला मी रिकामटेकडा नाही.

आता हा कोड मी मुळात लिहिला कुठं, तर गारगोटीला, मुलगी बघायला गेलतो तेव्हा. मुलगी विद्याश्री, वारणानगरला कॉम्प्युटरवरच काम करणारी. तिचे वडील सोमलिंगमामा, खतं-बियाण्यांचे व्यापारी, आवाज असा की दुकानातून हाक मारली तर एसटी थांबावी. त्यांनी विचारलं, मी नक्की करतो काय. मी समजावलं. ते म्हणाले, म्हणजे मोबाइल दुरुस्ती. माझं डोकं फिरलं. तिथंच पोह्यांची ताटली बाजूला सारून लॅपटॉप उघडला, चार ओळी खरडल्या आणि मामांच्या खिशातला फोन वाजवून दाखवला. "नमस्कार सोमलिंगमामा. आपला नम्र, अमरेश." मामांनी तो अख्ख्या खोलीला वाचून दाखवला. विद्याश्री माझ्या स्क्रीनकडं बघून एवढंच म्हणाली, "नंबर कोडातच लिहिलाय की." मला वाटलं, कौतुक करतीय.

लग्न ठरलं. साखरपुड्याची तारीख निघाली. पेठेत मी छाती काढून फिरायला लागलो.

आणि मामांचा फोन आला. "जावईबापू, म्हशीचं काय म्हणताय?"

"कुठली म्हैस, मामा?"

"तुम्हीच कळवलंय न्हवं? म्हैस माजावर आली हाय, डॉक्टर बोलवा. आपला नम्र, अमरेश. आमच्यात म्हैसच न्हाय."

मला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. मी हसलो. सासऱ्याच्या विनोदाला हसावं लागतं, एवढं मला कळतं. मग दुसरा फोन आला, मेसेज गेलाय की तीन आठवडे व्यायामाला फिरकला नाहीत, पोट सुटेल. आता मामांचं पोट त्यांच्या आधी दुकानात शिरतं. त्यांना ते लागलं. ते फोनवर नुसते "हं" म्हणाले. मी पुन्हा हसलो.

तिसऱ्या फोनला 'जावईबापू' गेलं होतं.

"पावणं," मामा म्हणाले, "बाळ कुणाचं?"

"कसलं बाळ?"

मामांनी वाचून दाखवलं, "बाळाचा दुसरा डोस उद्या आहे. बाळाच्या आईसह वेळेवर यावे. आपला नम्र, अमरेश."

दवाखान्याचा मेसेज, खाली माझं नाव, आणि कोडात मामांचा नंबर! सगळं एकदम कळलं, आणि तोंडातून नको ते निघालं, "मामा, ते नुसतं टेस्टिंग हाय."

"म्हणजे बाळ तुमचं हाय का न्हाय त्याचं टेस्टिंग?" मामा म्हणाले. "साखरपुडा थांबवलाय. समोर येऊन बोला."

मी तशीच गाडी काढली. निघता निघता राजवीरला फोन लावला. दवाखान्याचं सॉफ्टवेअर त्याचं. चांगला चार वर्षं इंजिनिअरिंग शिकलेला गडी! म्हटलं, कोडातला नंबर का बदलला नाहीस? तो शांतपणे म्हणाला, "तूच लिहिलंयस की, जसाच्या तसा लावा. मी मधला मजकूर तेवढा बदलला." आणि खालचं माझं नाव? ते म्हणे त्याला कंपनीचं वाटलं! असल्यांच्या हातात दवाखाने आहेत. सांभाळून आजारी पडा.

गारगोटीला मामा खुर्चीत बसले होते, फोन समोर टेबलावर. मी पाणीसुद्धा न पिता बोलत सुटलो. घाम पुसत सांगितलं की बाळ नाही, म्हैस नाही, मला मुलगी मनापासून पसंत आहे. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. मामांनी चष्मा लावला आणि सावकाश वाचलं, "आपण सुचवलेले स्थळ आम्हास पसंत नाही. आपला नम्र, अमरेश."

वधूवर सूचक मंडळ!

मी उठून दाराकडंच निघालो होतो. तेवढ्यात विद्याश्री आतून आली. तिनं फोन उचलला आणि वाचला. हसू दाबायचे कष्टही तिनं घेतले नाहीत.

"अप्पा, ह्यांनी एक शिक्का केला. त्यावर ह्यांचं नाव आणि तुमचा नंबर. तो गावभर वाटला. ज्यानं त्यानं आपापल्या कागदावर मारला." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "मी पण हाय त्या ग्रुपात. पहिल्याच दिवशी लिहिलं होतं, हा माझ्या वडिलांचा नंबर हाय, काढा."

मी ग्रुप उघडला. हात जोडलेल्या चित्रांच्या ढिगाखाली खरंच होतं.

मामांनी मला वरखाली न्याहाळलं, खताच्या पोत्यात ओल शिरलीय का बघावं तसं. मग लेकीला विचारलं, "म्हणजे लबाड न्हाय. बिनडोक हाय?"

"व्हय."

"मग चालतंय."

साखरपुडा वाचला. घरी येऊन मी ग्रुपवर सगळ्यांना धुतलं. न वाचता उचलणाऱ्या बैलांनो, डोळे उघडा, असं सुरू करून दमेपर्यंत लिहिलं. राजवीरला लाज वाटली असावी. त्यानं कोड दुरुस्त केला, नंबर वेगळे भरायची सोय केली आणि ग्रुपवर टाकला.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी मामांनी फर्मावलं, पाहुण्यांना तोंडी बोलावून झालंय, आता आठवणीचा एक मेसेज तेवढा तुम्ही पाठवा. इज्जत परत मिळवायची संधी! पण माझा कुर्ता शिंप्याकडं अडकलेला, हॉलवाला फोन उचलेना. मी राजवीरचा दुरुस्त कोड उचलला. दोन्हीकडच्या पाहुण्यांचे नंबर भरले, पुन्हापुन्हा तपासले आणि पाठवून दिलं.

हॉल गच्च भरला. नंबर एकही चुकला नव्हता. मजकूर मात्र राजवीरच्या दवाखान्याचाच राहिला होता, आणि खाली मी, आपला नम्र. निम्म्या पाहुण्यांनी आहेरात झबली-टोपडी आणली. मामांच्या थोरल्या बहिणीनं तर विद्याश्रीच्या हातावर बाळंतकाढ्याची पुडी ठेवली आणि कानात पथ्य सांगितलं.

राजवीर म्हणतो, कोडाच्या खाली त्यानं टीप लिहिली होती, मजकूर बदलून घ्यावा. असेल लिहिली. टिपा मी लिहितो. त्या वाचायच्याही असतात, हे त्या व्हिडिओत कुणी सांगितलं नव्हतं.