गरम पाण्याचा अॅम्प्लिफायर

दर रविवारी सकाळी भय्यासाहेब जबलपुरातल्याच गोरखपुर मोहल्ल्यातून ऑटोने येत, दाराशी बूट काढत आणि कुणाशी एक शब्द न बोलता सरळ अॅम्प्लिफायरपाशी जाऊन त्याच्या टपावर तळहात टेकवत. ताप आलेल्या पोराच्या कपाळावर टेकवतात तसा. ऊब पुरेशी लागली की मान डोलावून म्हणत, "झाला. लावा आता." नाही लागली, तर सगळ्यांनी गप्प बसून वाट पाहायची. थंड मशीनमधून थंड आवाज येतो, हा त्या घरातला कायदा होता. तो भय्यासाहेबांनी आणि त्यांचे धाकटे भाऊ दिवाकरराव यांनी मिळून केला होता, आणि दिवाकरराव गेल्यावरही तो जसाच्या तसा चालू होता.

त्या घरात आणखीही कायदे होते. आवाजाचं बटण दिवाकररावांनी ठरवलेल्या जागेवरून हलवायचं नाही. तबकडी भय्यासाहेबांनी सांगितल्यावरच लावायची. आणि विनताने, म्हणजे दिवाकररावांच्या बायकोने, चहा आणि चिवडा आत आणून ठेवायचा तो तबकडीची बाजू संपल्यावर, मध्ये नाही. हा शेवटचा कायदा कुणी बोलून दाखवला नव्हता. पण नागपूर महाराष्ट्रात गेलं आणि ही मंडळी जबलपुरातच राहिली, तेव्हापासून नेपियर टाउनमधल्या त्या बैठकीत बायका स्वयंपाकघरातूनच गाणं ऐकत आल्या होत्या. विनता सासरी आली तेव्हा सासूबाई ऐकत, मग ती ऐकू लागली. कितीतरी रागांचे शेवट तिने कुकरच्या शिट्टीसकटच ऐकले होते. एकदा नागपुरात खऱ्या मैफलीला गेली, तर शिट्टी न होताच तोडी संपली म्हणून तिला चुकल्याचुकल्यासारखं झालं होतं.

दिवाकररावांचं तेरावं झालं त्याच संध्याकाळी भय्यासाहेबांनी विषय काढला. रागाने नव्हे, अगदी मायेने. ते म्हणाले, रेकॉर्डी आणि स्पीकर हा दिवाकरचा जीव होता, तुला त्यातलं काय कळणार. मशीन चाललं आहे तोवर राहू दे इथे, ज्या दिवशी बंद पडेल त्या दिवशी सगळं माझ्याकडे नेऊन टाकू. विनता तेव्हा काहीच बोलली नाही. घरात माणसं भरली होती, आणि न बोलण्याची तिला सवय होती.

पण त्यानंतर एका दुपारी, घरात दुसरं कुणीच नसताना, तिने स्वतःच्या हाताने एक तबकडी लावली आणि दिवाकररावांच्या खुर्चीत बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावली. मग तिची दुपारची झोप गेली ती गेलीच.

आणि दसऱ्याच्या सुमारास अॅम्प्लिफायर बंद पडला. आधी जळका वास आला, मग टपाच्या जाळीतून धुराची एक बारीक रेघ निघाली, आणि गवयाची तान हवेत अर्धवट राहिली. विनता हातात खडीसाखरेची वाटी घेऊन तशीच उभी राहिली. धुराची तिला भीती वाटली नाही. तिला डोळ्यांपुढे दिसला तो सगळं न्यायला गोरखपुरहून येणारा टेम्पो.

दुरुस्तीवाल्याने झाकण उघडून मान हलवली. आतला ट्रान्सफॉर्मर जळून कोळसा झाला होता आणि तसला आता कुठे मिळत नव्हता. विनताने त्याला सगळं आतडं बाहेर काढायला लावलं, फक्त समोरचा लाल दिवा तेवढा वायर लावली की पेटेल असा ठेव म्हणाली. दुरुस्तीवाला तिच्याकडे बघतच राहिला. मग ती स्वतः दुकानात गेली आणि असलं काहीतरी लहान, स्वस्त दाखव म्हणाली.

दुकानदाराने काउंटरवर एक वस्तू ठेवली. ती साबणाच्या डबीएवढी होती.

"भैया, मला अॅम्प्लिफायर हवाय. अॅम्प्लिफायर दिखाइए."

"आंटी जी, यही है. डिजिटल है. बिजली भी नहीं खाता, गरम भी नहीं होता."

एवढ्याशा डबीतून काय वाजणार, असं तिला वाटलं. पण किंमतही डबीसारखीच होती, तेव्हा घेऊन पाहायला हरकत नव्हती. रेकॉर्ड प्लेयर जोडायला लागणारी आणखी एक डबी आणि वायरी घेऊन ती घरी आली. दुकानदाराने सांगितलं होतं तसं जोडलं, तोडीची तबकडी लावली आणि खुर्चीत बसली.

तानपुरा सुरू झाला तेव्हा तिने दाराकडे पाहिलं. कुणीतरी खोलीत येऊन बसलं, असंच तिला वाटलं. चार तारा चार ठिकाणी वेगवेगळ्या ऐकू येत होत्या. गवयाने सूर लावण्याआधी श्वास घेतला, तोही तिला ऐकू आला. इतकी वर्षं हा माणूस श्वास घेत होता आणि आपल्याला पत्ता नाही. ती उठली, साबणाच्या डबीवरचं इवलंसं बटण आणखी थोडं पुढे सरकवलं आणि पदराने डोळे पुसत गवयाला म्हणाली, "घ्या, आता घ्या."

पण रविवार तोंडावर आला होता. नव्या डबीचा आवाज भय्यासाहेबांना कसा वाटेल याची तिला फार काळजी नव्हती. काळजी होती ती त्यांच्या तळहाताची. डबी तिने रेकॉर्डींच्या रांगेमागे लपवली, जुन्याची पिन बोर्डात घातली, लाल दिवा पेटला. सगळं जागच्या जागी होतं, फक्त टप बर्फासारखा थंड. भय्यासाहेब त्याला हात लावणार, अर्धा तास वाट पाहणार, पुन्हा हात लावणार, आणि मग टेम्पो सांगणार.

विनताने कपाटातून गुडघे शेकायची रबराची पिशवी काढली, त्यात गरम पाणी भरलं आणि झाकण उघडून ती अॅम्प्लिफायरच्या रिकाम्या पोटात ठेवली.

भय्यासाहेब आले, बूट काढले, टपावर हात टेकवला. बराच वेळ टेकवून ठेवला. सोबत श्यामसुंदर आणि गुणवंतराव होते, दोघेही दिवाकररावांच्या ऑफिसातले, पेन्शनीत निघालेले, भय्यासाहेबांनी मान डोलावली की मान डोलावणारे.

"आज लवकर तापला," भय्यासाहेब म्हणाले. "लावा."

त्या रविवारी तबकडीची पहिली बाजू संपली तरी कुणी हललं नाही. भय्यासाहेबांचे डोळे पाणावले होते. मग त्यांनी सांगितलं ते असं की जुनी मशीनं मुरत जातात, लोणच्यासारखी. की आजकालच्या पोरांच्या डिजिटल डब्यांत ही ऊब सात जन्मांत येणार नाही. आणि हे आपण डोळे बांधून ओळखून दाखवू. श्यामसुंदर म्हणाला, ओळखू तर काय, पैज लावू. विनताने चिवडा पुढे केला आणि स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात कोंबला.

असे काही रविवार बरे गेले. मग थंडी वाढली. पिशवी बाजू उलटेपर्यंत निवू लागली, आणि चहाच्या वेळी सहज म्हणून टपावर हात ठेवायची भय्यासाहेबांना नवीनच खोड लागली.

"हे थंड पडून राहिलं. काहून, विनता?"

"व्होल्टेज कमी असतं भाऊजी आजकाल," तिने सांगून टाकलं.

हे तिचं चुकलं. पुढच्या रविवारी भय्यासाहेब येताना ऑटोत घालून व्होल्टेज स्टॅबिलायझर घेऊन आले. तो त्यांच्या फ्रीजचा होता. घरातलं दूध नासलं तरी चालेल, पण दिवाकरच्या मशीनला पूर्ण व्होल्टेज मिळालं पाहिजे, असं त्यांनी बायकोला बजावून आणला होता. अॅम्प्लिफायरची पिन स्टॅबिलायझरमध्ये गेली, स्टॅबिलायझरने खट् खट् केलं, आणि भय्यासाहेब विजयी मुद्रेने म्हणाले की आता बघा कसा तापतो ते, पुढल्या रविवारी हात ठेववणार नाही.

आता आली का पंचाईत. हात ठेववणार नाही इतका तापवायचा म्हणजे एक पिशवी पुरणार नव्हती. विनता शेजारच्या कुंदाकडे गेली. कुंदाने माळ्यावरून आपल्या बाळंतपणातली पिशवी काढून दिली, काय करता हे न विचारता, फक्त एवढं म्हणाली की काकू, दोन दोन पिशव्या म्हणजे गुडघे फारच दुखून राहिले का तुमचे. विनता म्हणाली, हो न बाई, दुसऱ्याच्या गुडघ्याचंही मलाच पाहावं लागतं.

रविवारी दोन्ही पिशव्यांत तिने उकळतं पाणी ओतलं. भय्यासाहेबांनी टपावर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. बोटं फुंकत ते इतके खूश झाले की त्यांनी गुणवंतरावांनाही हात लावायला लावला. मग तोडी लागली. पहिल्या बाजूला विलंबित होती, सावकाश, एकेक सूर जागेवर ठेवत जाणारी. विनता आज स्वयंपाकघरात गेली नाही, दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

पहिल्यांदा गुणवंतरावांना दिसलं. अॅम्प्लिफायरखालच्या विणलेल्या रुमालावर एक ओला डाग पसरत होता. मग जाळीतून एक थेंब निघाला, लाल दिव्यावरून ओघळला आणि टपकन खाली पडला. त्यामागे दुसरा.

"भय्यासाहेब," गुणवंतराव कुजबुजले, "याला घाम सुटून राहिला."

भय्यासाहेबांनी डोळे उघडले. तोवर धार लागली होती. पाणी आणि वीज एकत्र पाहिल्यावर कुणीही समंजस माणूस करील तेच त्यांनी केलं, उडी मारून स्टॅबिलायझरची पिनच उपटली. खट् झालं. लाल दिवा विझला.

गवई गातच राहिला.

भय्यासाहेबांनी हातातल्या पिनेकडे पाहिलं, मग अॅम्प्लिफायरकडे, मग भिंतीवरच्या दिवाकररावांच्या फोटोकडे. श्यामसुंदरने हात जोडले.

"बंद केलं न मी?" भय्यासाहेबांनी विचारलं.

"केलं न."

"मग हे कोण वाजवून राहिलं?"

विनता चौकटीपासून निघाली, रेकॉर्डींची रांग सरकवली आणि साबणाच्या डबीएवढी वस्तू वायरीसकट तळहातावर घेऊन त्यांच्यासमोर धरली.

"हा वाजवतोय. दिवाळीच्या आधीपासून हाच वाजवतोय. हात लावून पाहा, थंड आहे."

मग भय्यासाहेबांचा आवाज चढला. त्यांना फसवलं, दिवाकरच्या घरात दिवाकरलाच फसवलं, हे असलं खेळणं त्या स्पीकरांना जोडलं, असं बरंच ते बोलले. शेवटी म्हणाले की ठरलं होतं त्याप्रमाणे मशीन बंद पडलं आहे, तेव्हा उद्याच टेम्पो पाठवतो.

"टेम्पो पाठवू नका भाऊजी," विनता म्हणाली. "स्पीकर इथून हलणार नाहीत. रेकॉर्डीही नाहीत."

"आपलं ठरलं होतं."

"तुमचं ठरलं होतं. मी गप्प होते."

"तुला कळतं काय त्यातलं?"

"तुम्हाला नाही कळलं, तेवढं मला कळलं," विनता म्हणाली. "तुम्ही ज्याला ऊब ऊब म्हणत होता न, ते माझं गुडघ्याचं पाणी होतं."

गुणवंतरावांना हसू फुटलं, त्यांनी ते खोकल्यात घातलं. भय्यासाहेबांनी त्या दोघांकडे पाहिलं, पण आज पहिल्यांदाच त्यांच्याबरोबर कुणाची मान डोलली नाही. तेव्हा ते म्हणाले की ठीक आहे, निदान माझ्या भावाच्या हातचं मशीन तरी मी इथे ठेवणार नाही. आणि बाह्या सरसावून, पाय रोवून, दात आवळून त्यांनी अॅम्प्लिफायर उचलला.

अॅम्प्लिफायरमध्ये दोन पिशव्यांखेरीज काहीच नव्हतं. तो अपेक्षेपेक्षा इतका हलका निघाला की भय्यासाहेब त्याच्यासकट मागच्या मागे सोफ्यावर बसले आणि उरलेलं कोमट पाणी त्यांच्या सदऱ्यावर सांडलं. विनताने पिशव्या काढून घेतल्या, कुंदाची परत द्यायची होती. भय्यासाहेब ओल्या अंगाने, रिकामा डबा पोटाशी धरून जिना उतरले. श्यामसुंदर आणि गुणवंतराव उठले नाहीत. ते म्हणाले, बाजू संपू द्या.

विनताने दिवाकररावांच्या खुर्चीत बसण्याआधी डबीचं बटण पुढे सरकवलं, कुणी कधी ठरवलं नव्हतं तितकं पुढे. रस्त्याकडच्या खिडकीची दोन्ही दारं तिने उघडून टाकली. तोडी जिन्यावरून उतरली, रस्त्यावर पसरली. पानवाल्याने रेडिओ बारीक केला.

बाजू संपली तेव्हा ती गॅलरीत गेली. ऑटो अजून खालीच उभा होता. मागच्या सीटवर भय्यासाहेब अॅम्प्लिफायर मांडीवर घेऊन बसले होते, डोळे मिटून, आणि त्यांची बोटं डब्याच्या टपावर ताल धरत होती. ऑटोवाला वैतागला होता.

"बाबूजी, चलना है कि नहीं?"

"रुको भैया. अभी द्रुत बाकी है."

पण द्रुत दुसऱ्या बाजूला होती, आणि बाजू कुणी उलटली नव्हती. थोडा वेळ गेला. भय्यासाहेबांनी डोळे उघडले आणि वर पाहिलं. गॅलरीत विनता कठड्यावर हात ठेवून उभी होती.

"विनता," त्यांनी खालून विचारलं, "द्रुत राहिली न?"

"राहिली आहे," ती म्हणाली. "वर आहे."

एवढं बोलून ती आत गेली नाही, तिथेच उभी राहिली. भय्यासाहेबांनी ऑटोवाल्याकडे पाहिलं, समोरच्या रस्त्याकडे पाहिलं. मग मांडीवरचा डबा शेजारच्या सीटवर सरकवला, आणि एक पाय खाली टाकला.