नाश्ता आणि कावळा धरून

एका जंगलात दोन नद्या एकमेकींना येऊन मिळत. जिथे मिळत, तिथे फार गर्दी असे. कुठले जंगल म्हणून विचारू नका, मुलांनो. ज्या जंगलात गाडी लावायला जागा मिळत नाही, तेच ते.

त्या जंगलात कोणी मेले, की दहाव्या दिवशी त्याचे नातेवाईक संगमावर येत. भाताचा पिंड करून दगडावर ठेवत आणि लांब जाऊन उभे राहत. मग कावळा येई. कावळ्याने पिंडाला चोच लावली, की मेलेल्याचा जीव कशात अडकलेला नाही, असे समजत. नाही लावली, तर त्याची काहीतरी इच्छा राहिली आहे, असे समजत. मग नातेवाईकांनी एकेकाने पुढे होऊन मोठ्याने कबूल करायचे. "बाबा, धाकट्याचा वाटा देतो." "आई, आम्ही भाऊ भाऊ पुन्हा बोलू लागतो." खरी इच्छा कोणाच्या तोंडून निघाली, की कावळा शिवे.

कधीकधी कावळ्याला नुसती भूक नसे. पण हे कोणाला माहीत नव्हते. त्यामुळे त्या जंगलात पुष्कळ भाऊ एकमेकांशी बोलत.

पुढे संगमाची सुधारणा झाली. काठाला कठडा आला. बोटी आल्या, भेळ आली, फोटो काढायला दिव्यांचे मोठे बदाम आले. हॉटेले तर इतकी आली, की नदी दिसायची तर हॉटेलात खोली घ्यावी लागे.

आता साळिंदरांकडे येऊ.

साळिंदरांच्या एका घरात थोरला अण्णा होता, त्याची बायको सुमनवहिनी होती, मधली बहीण हौसा होती आणि धाकटा नाम्या होता. आई लवकर गेली, म्हणून हौसाने नाम्याला अंगाखांद्यावर वाढवले. साळिंदराला अंगाखांद्यावर वाढवणे म्हणजे काय, याचा जरा विचार करा.

ती हौसा तापाने मेली. साधा ताप. उतरेल, उतरेल, म्हणत होती. शेवटी तिचे बोलणे बंद झाले. तेव्हा ती फक्त आपल्या मुलीकडे, ठकीकडे, बघत राहिली. ठकी एवढीशी. तिचे काटेही अजून मऊ होते. तिच्या बापाने मागेच दुसऱ्या रानात दुसरे बीळ केले होते. दहाव्यालासुद्धा तो यायला तयार नव्हता.

म्हणजे ठकीला कोण नेणार, हा प्रश्न होता. पण तो प्रश्न कोणी काढला नाही. मोठ्यांचे असेच असते, मुलांनो. ते म्हणाले, दहाव्याला उतरायचे कुठे?

वहिनीने मोबाइल उघडला.

"सुसरीचं हॉटेल बघा. अगदी पाण्याला लागून. व्हरांड्यात बसून पाय नदीत सोडता येतात."

"सोडलेले पाय परत मिळतात का, वहिनी?" नाम्याने विचारले.

"मग हे माकडाचं. मुलांना घसरगुंडी आहे. गच्चीवर गाणीबजावणी."

"अगं, दहाव्याला जातोय आपण," अण्णा म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "किती वाजेपर्यंत असतात गाणी?"

"थांबा, थांबा. बगळ्याचं आहे की! बुटीक हॉटेल. फॅमिली फ्रेंडली."

"बुटीक म्हणजे काय?"

"खोल्या कमी आणि उशा जास्त."

वहिनी पुढे वाचू लागली. "लहान मुलाला वेगळा पलंग नको असेल तर मोफत. कुटुंबाला रडायला स्वतंत्र खोली, एसी आहे. नाश्ता आणि कावळा धरून."

"कावळा धरून?"

"त्यांचा स्वतःचा आहे. पगारी. लगेच शिवतो म्हणे. हा बघा, एका सशाने लिहिलंय. 'आजोबांसाठी गेलो होतो. कावळा वेळेवर. पोहे गार. चार तारे.'"

अण्णाला पटले. पण खरा हट्ट धरला तो नाम्याने. नाम्याचे डोके तापट होते आणि शाळा फार लवकर सुटली होती. त्यामुळे मनात आले की तो बोलून टाकी.

"तिथंच जायचं," तो ताडकन उभा राहिला. "ताईचा पिंड तसाच पडून राहिला आणि चार जण बघत बसले, तर मला नाही सोसायचं. मी एखाद्याला मारीन."

"कोणाला? कावळ्याला?" अण्णाने विचारले.

"कोणालापण!"

आपल्या ताईला एक क्षणही ताटकळत ठेवायचे नाही, एवढेच त्याला कळत होते. म्हणून बगळ्याकडे खोल्या घेतल्या.

बगळा दारातच एका पायावर उभा होता. पांढरे कपडे, मान खाली, डोळे अर्धे मिटलेले.

"या. तुमच्या दुःखात सहभागी आहोत," तो म्हणाला. "कोकम सरबत घ्या. खोली नदीच्या बाजूची देऊ की पार्किंगच्या?"

"नदीच्या," वहिनी म्हणाली. "तेवढंच हौसावन्संना बरं वाटेल."

बगळ्याने ठकीला रंगीत खडू दिले. फॅमिली फ्रेंडली हॉटेलात ते देतातच. मग वाकून तिच्या गालाला चोच लावून म्हणाला, "भाची का? गोड आहे हो. आता कोणाकडे राहणार?"

अण्णाने वहिनीकडे पाहिले. वहिनीने छताकडे पाहिले.

"वायफायचा पासवर्ड काय आहे?" अण्णाने विचारले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर विधी होता. समोर नदी, खाली बोटींचे भोंगे. आधीची दोन कुटुंबे रांगेत उभी होती. एक हरणांचे, एक घोरपडींचे. रांग भराभर पुढे सरकत होती.

मग कावळा दिसला. एवढा मोठा कावळा साळिंदरांनी कधी पाहिला नव्हता. गळ्यात हॉटेलची निळी फीत. खाऊन खाऊन तो असा झाला होता, की त्याला उडता येत नव्हते. तो चालत येई.

अण्णाने पिंड ठेवला. वहिनी पदर सारखा करत होती. नाम्या ठकीला उचलत होता, तिला दिसावे म्हणून. अण्णाने हात मागे घेतला आणि दगडाकडे पाहिले, तर दगड रिकामा.

"झालं," कावळा म्हणाला. "पुढचे कोण?"

"अभिनंदन!" बगळा म्हणाला. "काही म्हणजे काही इच्छा राहिली नव्हती हो. फार समाधानी बाई असणार."

नाम्याला हायसे वाटले. इतके वाटले, की एसीच्या खोलीत जायची वाट न पाहता तो गच्चीवरच रडला.

मग सगळे नाश्त्याला बसले. पोहे होते, इडली होती, भात होता, कापलेले पपईचे तुकडे होते. अण्णाने दोनदा वाढून घेतले. बऱ्याच दिवसांनी त्याला भूक लागली होती.

"खरं सांगू का," तो म्हणाला, "मला भीती होती. वाटत होतं, हौसाचा जीव पोरीत अडकला असेल. कावळा शिवायचा नाही, आणि मग सगळ्यांसमोर कबूल करावं लागेल की पोरीला आम्ही नेतो. पण कसा फटकन शिवला! म्हणजे तिला पोरीची काळजीच नव्हती."

"हो ना," वहिनी म्हणाली. "असती तर शिवला असता का?"

"आता आपण उगाच काळजी घ्यायची म्हणजे तिच्या इच्छेबाहेर जाणं झालं."

"आणि आपलं बीळ तरी केवढं, अहो. कोल्हीणबाईंनी पोरक्या पिल्लांचा आश्रम काढलाय. फार चांगला आहे म्हणतात. एकसुद्धा पिल्लू कंटाळून परत आलेलं नाही."

नाम्याने पोह्यांची बशी बाजूला सारली.

"अण्णा, ताई मरताना ठकीकडे बघत होती."

"ताप होता रे तिला."

"तापात माणूस कुठंपण बघतं. ती ठकीकडेच बघत होती. मी तिथंच बसलो होतो. ठकी सरकली की तिचे डोळे सरकायचे."

"नाम्या," अण्णा समजावत म्हणाला, "तुला कावळ्यापेक्षा जास्त कळतं का?"

त्या जंगलात कावळ्यापेक्षा जास्त कोणालाच कळत नसे.

नाम्या उठला आणि तडक गच्चीवर गेला. कावळा सावलीत बसून चोच पुसत होता.

"माझ्या ताईला काय हवं होतं, ते तुला कळलं का?"

"कोण ताई?"

"आत्ता जिचा पिंड खाल्लास ती!"

"दादा, मला कसं आठवणार? सकाळपासून खातोयच," कावळा म्हणाला. "आजचा भात जरा कच्चा होता, एवढं सांगतो. तेही मालकांना सांगू नका."

नाम्या खाली आला आणि त्याने बगळ्याला गाठले.

"आम्हाला परत करायचंय."

"एकदा शिवलेला कावळा परत घेता येत नाही, साहेब. पाहिजे तर दुसऱ्यांदा शिवायला लावू. तेवढ्याच दरात."

"शिवायला नको. थांबायला सांगा त्याला. मी बोलेपर्यंत थांबायला सांगा."

बगळ्याने पाय बदलला.

"थांबणारा कावळा आम्ही ठेवत नाही हो. फॅमिली फ्रेंडली हॉटेल आहे. थांबणाऱ्या कावळ्यासमोर किती घरं फुटलीत, तुम्हाला कल्पना नाही."

नाम्याने बुफेवरच्या भांड्यात हात घातला, भाताचा एक गोळा वळला, दुसऱ्या हाताने ठकीला धरले आणि तो बाहेर पडला.

"अरे, चेक-आऊटच्या आत ये!" अण्णा मागून ओरडला.

बोटी गेल्या, भेळ गेली, दिव्यांचे बदाम गेले. जिथे कठडा संपला आणि चिखल लागला, तिथे एक बाभूळ होती. बाभळीवर कावळे होते. बारीक, मळके, कोणाच्याही नोकरीत नसलेले.

नाम्याने दगडावर पिंड ठेवला आणि मागे सरून हात जोडले.

"ताई, ठकीला मी नेतो."

एका कावळ्याने मान वळवली. पण ती दुसरीकडे.

"मी सांभाळतो तिला, ताई. शाळेत घालतो. मी सोडली तशी तिला सोडू देणार नाही."

कावळे बसून राहिले.

"रागावणार नाही. तिच्यावर नाही रागावणार." नाम्याने वर पाहिले. "बरं, कोणावरच नाही."

एका कावळ्याने पंखाखाली खाजवले.

"अण्णाशी भांडणार नाही. बोलीनसुद्धा त्याच्याशी. घर टाकून हिंडायला जाणार नाही. तू झोपताना गोष्ट सांगायचीस ना, ती सांगीन तिला. मला शेवट आठवत नाही, तू सांगायचीस तेव्हा मी झोपलेला असायचो. पण सांगीन."

ऊन वर आले. पिंडावर माशी बसली. नाम्याने ती हाकलली, मग घाबरून पुन्हा मागे सरला.

"आणखी काय, ताई? आणखी काय राहिलं? मला नाही कळत. मला कधी काय कळलंय? तूच सांगायचीस ना सगळं. आता सांग ना!"

कावळे ऐकत होते. चांगले ऐकत होते. पण एकही खाली उतरला नाही.

"मामा," ठकी म्हणाली, "भूक लागली."

नाश्त्याच्या टेबलावर तिच्याबद्दल बोलणे चालले होते, म्हणून तिला वाढायचे राहिले होते. नाम्याने आपले हात पाहिले. हातात काही नव्हते. तोवर ठकी चिखलातून पुढे गेली. तिने दगडावरचा गोळा उचलला आणि खायला लागली. नाम्या "अगं, तो" म्हणाला आणि पुढे काय म्हणायचे ते त्याला सुचले नाही. ठकीने सगळा पिंड खाल्ला. दगडाला चिकटलेली शिते वेचली. मग बोटे चाटली.

कावळे थोडे कावकाव करून उडून गेले.

अण्णाला हे कळले, तेव्हा तो म्हणाला, "बघ. हॉटेलात शिवला आणि तुझ्या हातच्या पिंडाला नाही शिवला. पोरगी तुझ्याकडे देणं हौसाला पसंत नव्हतं, हे उघड आहे."

एरवी नाम्याने त्याला काटे टोचले असते. पण अण्णाशी भांडणार नाही, असे तो आताच बोलून आला होता.

"बरं, अण्णा," तो म्हणाला आणि ठकीला पाठीवर घेऊन घरी गेला.

ठकी आता शाळेत जाते. कधी जायचे नाही म्हणून हातपाय आपटते. नाम्या रागावत नाही, दाराबाहेर जाऊन झाडाला लाथ मारून येतो. अण्णाला सणावाराला भेटतो. संध्याकाळी घरातच असतो. झोपताना गोष्ट सांगतो, आणि शेवट रोज निराळा करतो.

कावळा शिवला असता, तर ताईला यातले नेमके काय हवे होते ते कळले असते. मग बाकीचे सोडून देता आले असते. पण तो शिवलाच नाही. म्हणून नाम्या सगळेच पाळतो.

तात्पर्य: हॉटेल घेताना कावळा पगारी आहे ना, एवढे आधी विचारून घ्यावे. बिनपगारी कावळ्यासमोर आपण काय काय कबूल करून बसू, याचा नेम नसतो. आणि तो न शिवताच उडून गेला, तर दिलेला शब्द परत तरी कोणाकडून घ्यायचा?