टेकडीवरून ऐकू आला पाहिजे!

बायकोला आपल्या छंदाची गोडी कशी लावावी, हे शिकायचं असेल तर खुशाल माझ्याकडे या! मी नॉर्मन हेबलथ्वेट, इंग्लंडात यॉर्कशायरमधल्या थॉर्नबेक गावचा निवृत्त भूगोल मास्तर. आमच्या गावात या विषयात माझा हात धरणारा कुणी नाही.

माझी गाडी सदुसष्ट सालची. दोन सीटा, उघडा टप, गर्द हिरवा रंग. मी तिला बीअट्रिस म्हणतो. माझी बायको ग्लेनिस तिला भंगार म्हणायची. "हे भंगार नाताळच्या आत विकलं नाहीस, तर मी माझ्या बहिणीकडे राहायला जाईन!" असं तिनं मला साफ बजावलं होतं. मी तर जाहिरातीचा मजकूरसुद्धा लिहायला घेतला होता. रडत रडत!

बाकी संसारात माझा एकच हट्ट. घरातला हीटर सतरा अंशांच्या वर जाता कामा नये! थंडी वाजते? स्वेटर घाला. तरी वाजते? त्यावर दुसरा घाला. ग्लेनिस दोन-दोन स्वेटर घालून वावरते आणि मला तिचं कौतुक वाटतं. घराला शिस्त हवी की नाही?

तर ऑक्टोबरात एका सकाळी टोस्टला लोणी लावता लावता ती म्हणाली, "नॉर्मन, तुझ्या गाडीचा आवाज फार बारीक आहे रे."

माझा चहा बशीत सांडला. "कुणाच्या गाडीचा?"

"बीअट्रिसच्या."

बीअट्रिस! चक्क नाव घेऊन!

"स्पोर्ट्स गाडी ना ती? मग कशी दणक्यात यायला हवी! तू टेकडीच्या वळणावर आलास की इथे घरात कळलं पाहिजे. चांगला दांडगा सायलेन्सर बसवून घे."

"आणि विकायचं काय झालं?"

"इश्श! विकतंय कोण?"

मी टोस्ट तसाच टाकून सिड मेकॅनिककडे धावलो. सिडनं तीन सायलेन्सर काढून ठेवले. पहिला सभ्य. दुसरा भारदस्त. तिसऱ्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "याची जबाबदारी माझी नाही."

ठरलं असं की, सिड एकेक बसवणार, मी टेकडीच्या वळणापर्यंत जाऊन यायचं आणि ग्लेनिसनं घरात बसून निकाल द्यायचा. मी पहिला लावून घरी पोचलो तर दारात ग्लेनिसबरोबर शेजारच्या मिसेस ओल्डरॉइड आणि चर्चचे पाद्री ऑब्री असे दोघे उभे!

"नाही आला ऐकू," मिसेस ओल्डरॉइड म्हणाल्या.

"फाटकाशी आलात तेव्हा कळलं," पाद्री म्हणाले. "फार उशीर होतो हो."

"कशाला उशीर?"

"म्हणजे... आनंदाला!" पाद्री म्हणाले आणि त्यांनी कॉलर सारखी केली.

माझा ऊर भरून आला. गेली कित्येक वर्षं ही माणसं माझी गाडी दिसली की रस्ता बदलायची!

दुसरा सायलेन्सर लावला. वळणावर गिअर बदलला तसा असा काही घुमला, की माझ्या अंगावर काटा आला. घरी आलो तर तिघंही टाळ्या वाजवत होती. पण ग्लेनिसचं समाधान होईना. "वारा उलटा असेल तेव्हा काय करायचं? तिसरा लाव!"

लावला तिसरा. पुढचं सांगायला लाज वाटते. वळणावर मी ॲक्सिलरेटरवर पाय दाबला मात्र, मिसेस ओल्डरॉइडच्या टेकडीवर चरणाऱ्या मेंढ्यांनी कुंपण तोडलं आणि सगळा कळप खाली चर्चच्या आवारात शिरला! मी पोचलो तेव्हा त्यांनी थडग्यांवरची ताजी फुलं फस्त केली होती, आणि एक मेंढी पाद्रीबाबांच्या सायकलीत अडकून बें बें करत होती. आता माझी खैर नाही, असं म्हणून मी डोळे मिटले.

"आवाज मात्र झकास!" मिसेस ओल्डरॉइड म्हणाल्या.

"फुलं काय, पुन्हा येतील," पाद्री म्हणाले.

आता बोला! गावाला माझ्या गाडीचं वेड लागलं होतं, दुसरं काय? तरीही मास्तर माणूस मी, मेंढ्यांची दया येऊन दुसऱ्यावरच समाधान मानलं. ग्लेनिस जरा खट्टू झाली. पण त्यानंतरचे दिवस काय सांगू! रोज दुपारी तीच म्हणायची, "जा ना, एक फेरी मारून ये. लांबची मार!" परत यावं तर तिचे गाल लालबुंद, दोन स्वेटर अंगात आणि खिडकी सताड उघडी.

"अगं, एवढ्या थंडीत खिडकी?"

"तुझ्या गाडीचा आवाज ऐकायला रे!"

चाळीस वर्षांच्या संसारात असलं वाक्य ऐकलं नव्हतं. मी दाराआड जाऊन डोळे पुसले.

मग नोव्हेंबरात तो मंगळवार उजाडला. फेरीवरून परतताना नेमकं टेकडीच्या वळणावर पेट्रोल संपलं. काटा अडकलेला, मला पत्ता नाही! इंजिन गप्प. उतार होता म्हणून गाडी आपली चूपचाप घरंगळत थेट आमच्या फाटकाशी येऊन थांबली. उघड्या गाडीत माझं नाक गोठलेलं, बोटं वाकेनात. लंगडत खिडकीपाशी गेलो आणि आत पाहिलं.

काचेच्या कडांना वाफ धरली होती! आत ग्लेनिस बिनबाह्यांच्या फ्रॉकमध्ये. मिसेस ओल्डरॉइड अनवाणी, हातात आइस्क्रीम. पाद्रीबाबा कॉलर काढून भजनाच्या पुस्तकानं वारा घेतायत. आणि भिंतीवर माझा हीटर... सव्वीस! माझ्या छातीत कळच आली.

"निघू का?" पाद्री विचारत होते. खिडकीची वरची झडप किलकिली होती, शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"बसा हो," ग्लेनिस म्हणाली. "वळणावर आला की कळतंच. मग हीटर खाली, खिडकी उघडी, स्वेटर अंगात. आरामात जमतं."

"सायलेन्सर चांगला निवडला आपण," मिसेस ओल्डरॉइड म्हणाल्या.

आपण! म्हणजे मांजरानं स्वतःच दुकानात जाऊन आपल्या गळ्यातली घंटा पसंत करून आणली होती! संतापानं मी मूठ वळली. आत्ता दार उघडतो आणि एकेकाला असा फैलावर घेतो की...

मूठ दारापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. दार उघडलं तर काय होईल? हीटर सतरावर येईल. चोरी उघडी पडली की या घरात बीअट्रिसचा कुणाला उपयोग उरणार नाही. नाताळ जवळच होता. जाहिरातीचा मजकूर अजून टेबलाच्या खणात होता.

मी मागे वळलो. झुडपाआड उकिडवा बसलो. इकडेतिकडे पाहिलं. आणि तोंडानं सुरू केलं, "ढर्रर्रर्र... ढूंऽऽऽ... ढर्रर्रर्र!"

आत एकच धावपळ उडाली! खुर्ची पडली, खिडकी उघडली, कुणीतरी कुणाच्या तरी पायावर पाय दिला. मी आणखी थोडा वेळ ढर्रढर्र केलं. म्हाताऱ्या माणसांना आवरायला वेळ लागतो.

आत गेलो तेव्हा तिघं शहाण्यासारखी चहा पीत बसली होती. ग्लेनिसचा स्वेटर उलटा. पाद्रीबाबांच्या मिशीला आइस्क्रीम. हीटर सतरावर.

"उबदार वाटतंय नाही?" मी म्हणालो.

"चार माणसं जमली की येते ऊब," पाद्री म्हणाले.

ग्लेनिसनं माझ्या हातात कप दिला आणि काळजीनं माझ्याकडे पाहिलं.

"नॉर्मन, आज आवाज फार बसका आला रे. मध्येच खोकलासुद्धा! उद्या सिडकडे जा आणि तो तिसरा बसवून घे."

गेलो. न जाऊन सांगतो कुणाला? घसा पार बसला होता.